पाऊण म्हणजे अर्धी

काटा पावाच्या थोडा वर होता आणि गाडी बंद पडली.

आधी वाटलं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला असेल. मग वाटलं, पंप गेला. जुन्या पिकअपला बंद पडायला कारणांचा तोटा नसतो. बॉनेट उघडून मी एकेक कारण तपासत उभी राहिले. पेट्रोल संपलं असेल ही शंका सगळ्यात शेवटी आली, कारण डॅशबोर्डवर काटा ठामपणे सांगत होता की पाव टाकीहून जास्त आहे. टाकी ७५ लिटरची. म्हणजे वीसेक लिटर तरी असायला हवं. आणि गेला अर्धा तास काटा जागचा हलला नव्हता, त्यामुळे मी उलट खूश होते, आज गाडी कमी पेट्रोल खातेय म्हणून. शेवटी खाली वाकून टाकीवर बुक्की मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

बाबांना फोन केला.

"काटा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पावाच्या वर."

"मग संपलंय," ते म्हणाले. "अगं, पाऊण म्हणजे अर्धी, अर्धी म्हणजे पाव, आणि पाव म्हणजे काही नाही. सोपं आहे."

"बाबा, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

खरं तर गाडी माझ्या ताब्यात देताना त्यांनी तासभर सगळं समजावलं होतं. डावं दार लावताना किंचित उचलून घ्यायचं. थंड इंजिनाला चोक किती द्यायचा. दुसरा गिअर टाकण्याआधी क्षणभर थांबायचं. खिडकीची काच अर्ध्याखाली न्यायची नाही, वर येत नाही. काट्याचं तेवढं राहून गेलं. ते विसरले नव्हते. इतकी वर्षं चालवून चालवून त्यांच्या लेखी तो बिघाडच उरला नव्हता. काटा बघायचा, मनातल्या मनात एक पायरी खाली उतरायचं, की झालं. चष्म्याचा नंबर जसा लक्षात राहत नाही तसंच हे. गाडी माझ्याकडे आली, पण ती पायरी त्यांच्या डोक्यातच राहिली.

मला मात्र ते चालणार नव्हतं. माझा स्वभाव असा की घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवणारी माणसंसुद्धा मला कळत नाहीत.

मी जाणकारांना विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच: टाकीतलं पातळी मोजणारं युनिट बदलून टाका. एकाने तर मीटरचा सगळा संचच बदलायला सांगितला. बदलून टाकायला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण काय बिघडलंय ते न शोधता बदललं तर गाडी दुरुस्त होते, आणि काय झालं होतं ते कधीच कळत नाही. शिवाय ते युनिट टाकीच्या आत, टाकी हौद्याच्या खाली, आणि हौदा आठ गंजक्या बोल्टांवर. तिथपर्यंत जाण्याआधी निदान नाडी तरी बघावी.

नाडी बघायची तर काटा हलतो कसा ते कळायला हवं. तो पेट्रोल बघत नाही, त्याला पेट्रोलचा गंधही नसतो. टाकीत एक फ्लोट असतो, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा. पूर्वी पितळेचा असायचा, नंतर प्लास्टिकचे आले. तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट खाली, दांडीही खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून घसरत जाते. ती कुठे टेकली आहे त्यावर विजेला किती तार ओलांडून जावं लागेल, म्हणजे रोध किती, हे ठरतं. डॅशबोर्डमधून आलेली वीज एका वायरने टाकीपर्यंत येते, त्या वेटोळ्यातून जाते आणि टाकीच्या अर्थमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, चासीत (गाडीच्या लोखंडी सांगाड्यात) उतरून बॅटरीकडे परतते. काटा एवढंच सांगतो की वाटेत अडथळा किती लागला. तो अडथळा म्हणजे पेट्रोल, हे आपण ठरवलेलं.

आता हा अडथळा किती असावा याबद्दल गाड्यांमध्ये एकवाक्यता नाही. रोध मोजतात ओहममध्ये. माझ्या पिकअपमध्ये रिकामी टाकी ० ओहम, भरलेली ९०. दुसऱ्या काही जुन्या पिकअपांत बरोबर उलटं, रिकामी ७३ आणि भरलेली १०. बाजारात सुटी मिळणारी बरीच मीटरं २४० ते ३३ ची भाषा बोलतात, आणि कित्येक युरोपीय गाड्यांत १० ते १८० असतं. म्हणून एका गाडीचं युनिट दुसरीत बसलं, बोल्टसुद्धा जुळले, तरी काटा भलतंच बोलू शकतो. युनिट बदलून टाका म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला ओहम विचारले नव्हते.

मीटरमध्येही दोन घराणी आहेत. एकात दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. असे काटे चावी फिरवल्यावर जांभई देत हळूहळू वर येतात. त्यांना ठरावीक व्होल्टेज लागतं, म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटा रेग्युलेटर बसवलेला असतो. तो बिघडला की पेट्रोल आणि इंजिनाचं तापमान असे दोन्ही काटे एकदम खोटं बोलू लागतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोन काटे मिळून चुकले तर टाकीकडे जायचंच नाही, डॅशबोर्डमागे बघायचं. माझा काटा दुसऱ्या घराण्यातला, दोन चुंबकी कॉइलांच्या ओढाताणीत उभा राहणारा. बॅटरी थोडी कमी-जास्त झाली तरी दोन्ही कॉइलांना सारखाच फटका बसतो, त्यामुळे काटा फारसा ढळत नाही. तापमानाचा काटा शहाण्यासारखा वागत होता. म्हणजे गुन्हा टाकीच्या बाजूला.

पहिल्या रविवारी गाडी मोकळ्यावर, सपाट जागी लावली, चाकांना ठोकळे लावले, टाकीखाली कुठे ओल किंवा वास नाही ना ते बघितलं आणि खाली शिरले. पेट्रोलच्या बाबतीत मी भित्री आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि कुठल्या कोपऱ्यात साचून राहील सांगता येत नाही. उणे ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेट धरण्याइतकी वाफ ते सोडत असतं. तेव्हा बंद गॅरेज नको, आणि जवळपास उघडा दिवा, हीटर, सिगारेट काही नको.

चासीच्या कडेला, टाकीच्या वायरचा प्लग सापडला. तो सोडवला आणि भावाला चावी ऑन करायला सांगितलं. "भरलीच्याही पलीकडे गेला," तो वरून ओरडला. मग मीटरकडून येणारं वायरचं टोक चासीच्या स्वच्छ भागाला टेकवलं. "रिकामी!" बरोबर. माझ्या जातीच्या गाडीत वायर तुटली तर काटा भरलीकडे पळतो आणि वायर थेट चासीला लागली तर रिकामीवर बसतो. ७३ ते १० वाल्यांमध्ये उलटं होतं, आणि तिथे वायर थेट टेकवून ठेवू नये, मध्ये १० ओहमचा रोध घालावा, नाहीतर मीटर उगाच ताणलं जातं. एवढ्या एका मिनिटाच्या कामात मीटर निर्दोष सुटलं, वायर निर्दोष सुटली. संपूर्ण मीटर बदललं असतं तर चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजायचं हातातलं यंत्र. चावी बंद केली, कारण वीज चालू असताना ओहम मोजले तर आकड्याला अर्थ नसतो. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, ०.३ आलं. तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध, मनातल्या मनात वजा करायचा. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर मी ३७ लिटर भरले होते, म्हणजे ती निम्मी होती. आधी युनिटची वायर आणि चासी यांच्यामध्ये मोजलं. ६५ आलं. म्हणजे जवळजवळ पाऊण. काटाही तेच म्हणत होता. मग एक टोक चासीवरून काढून हात वर घातला आणि थेट युनिटच्या पत्र्याच्या चकतीला टेकवलं. ३३.

त्या दोन आकड्यांमधले ३२ ओहम टाकीत नव्हतेच. ते टाकी आणि चासी यांच्यामध्ये होते, एका वीतभर काळ्या अर्थच्या वायरीत. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चकतीपर्यंत एक लांब वायर तात्पुरती जोडून बघितली तर काटा झटकन खाली आला.

वायर तशी धडधाकट होती. तिच्या टोकाचं थिंबल, म्हणजे धातूची भोकाची टिकली, ज्या स्क्रूने चासीला आवळलं होतं, त्या स्क्रूखाली धातू नव्हता. तिथे रंग होता. जाड, काळा, गंजरोधक रंग, व्यवस्थित दोन हात दिलेला. रंगावर थिंबल, थिंबलवर स्क्रू, आणि स्क्रूच्या आट्यांत गंज. वीज बिचारी त्या आट्यांतून कशीबशी वाट काढत होती. स्क्रू काढला, रंग खरवडला, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवं थिंबल आणि दातेरी वॉशर लावून आवळला, वरून ग्रीस थापलं. पुन्हा मोजलं. ०.४. म्हणजे मीटरच्या स्वतःच्या वायरी वजा जाता जवळजवळ काहीच नाही.

आनंद इतका झाला की दुसरा आकडा मी बघितलाच नाही. बघितला होता, वहीत लिहूनही ठेवला होता. निम्म्या टाकीला युनिटने ४५ च्या आसपास दाखवायला हवं होतं. त्याने ३३ दाखवले होते.

टाकी गच्च भरली. काटा पाऊणच्या थोडा वर जाऊन थांबला.

असेल, जुनी गाडी आहे, म्हणून चालवत राहिले. चार दिवसांनी काटा रिकामीवर टेकला. धावत जाऊन भरायला गेले तर जेमतेम ६० लिटर मावलं. म्हणजे १५ लिटर आत असताना काटा हात वर करून मोकळा झाला होता. आतापर्यंत बढाया मारणारा हा काटा अर्थ दुरुस्त केल्यापासून रडगाणं गाऊ लागला.

एका मेकॅनिकने सल्ला दिला, "कमी दाखवतो ना? मग सोडा. रस्त्यात तरी अडकणार नाही." हा सल्ला मला जवळजवळ पटला. आजही मला तो अगदी चुकीचा वाटत नाही. काटा चुकायचाच असेल तर याच बाजूला चुकावा. पण कमी दाखवणारा काटा कमीच दाखवत राहील याची हमी कोण देणार? ज्या कारणाने तो १२ ओहम कमी दाखवतोय ते कारण उद्या २० करेल, परवा आणखी काही. ठरावीक खोटं बोलणाऱ्याबरोबर संसार करता येतो, बाबांनी केलाच. रोज वेगळं खोटं बोलणाऱ्याचं काय करायचं?

हौदा उचलायला माणसं जमेपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढ्या काळात काट्याकडे दुर्लक्ष करून मी गणितावर गाडी चालवली. टाकी गच्च भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी किती लिटर बसलं त्यावरून सरासरी काढायची. माझी पिकअप लिटरला साधारण ८ किलोमीटर देते. म्हणजे साडेचारशे झाले की भरायचं, काटा काहीही म्हणो. ही पद्धत काट्यापेक्षा जुनी आणि पुष्कळदा त्याच्याहून भरवशाची. फोर्डच्या मॉडेल टीला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकी सीटखाली, गादी उचलायची, झाकण काढायचं आणि लाकडी पट्टी बुडवून बघायचं. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे नुसत्या उतारानेच जायचं, त्यामुळे टाकी तळाला असताना खडी चढण आली की लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवत. फोक्सवॅगनच्या बीटललाही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता. गाडी गचके खायला लागली की पायाशी असलेला खटका फिरवायचा, रिझर्व्ह सुरू.

रिझर्व्हबद्दल मला वेगळाच आदर आहे. जुन्या मोटरसायकलींच्या टाकीखाली तीच तोटी असते. आत दोन नळ्या, एक उंच आणि एक बुटकी. रोजचं पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की इंजिन अडखळतं, मग तोटी फिरवून बुटक्या नळीवर यायचं. यात रोध नाही, वायर नाही, अर्थ नाही. पेट्रोल स्वतःच येऊन सांगतं की मी संपत आलोय. "गाडी रिझर्व्हला लागली" या वाक्यात अंदाज कुठेच नाही.

गणितालाही मात्र आपले सापळे आहेत. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एक बोइंग ७६७ विमान ४१ हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. विमानातली इंधनमापक यंत्रणा बंद पडली होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून निघण्याआधी टाक्यांमधली पातळी मोजपट्ट्यांनी बघितली गेली. पट्ट्यांनी खरं तेच सांगितलं. चूक झाली ती लिटरचं वजन करताना. विमान नवं, किलोग्रॅममध्ये हिशेब करणारं, आणि गुणताना वापरला गेला तो पौंडांचा आकडा, ०.८ च्या जागी १.७७. लागत होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर वैमानिकांनी ते तरंगत गिम्ली नावाच्या गावातल्या जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे त्या वेळी मोटारशर्यतीचा कार्यक्रम चालू होता. विमानातले सर्व ६९ जण वाचले. त्या तीन आठवड्यांत वहीत सरासरी काढताना मी प्रत्येक भागाकार दोनदा करत होते.

हौदा उचलण्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात शौर्य कमी आणि फजिती जास्त आहे. दोन दिवस आधीपासून बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत होते. सात सुटले, आठव्याने डोकं ठेवलं आणि धड सोडलं. मागच्या दिव्यांची वायर काढली. भाऊ, त्याचे दोन मित्र आणि मी, चार कोपऱ्यांना चौघं. बाबा बाजूला उभे राहून "सांभाळून" म्हणत होते. एक, दोन, तीन, उचल. हौदा हातभर उठला आणि अडला. पेट्रोल भरायच्या तोंडाचे तीन स्क्रू काढायचे राहिले होते. पुन्हा खाली.

शेवटी टाकी उघडी पडली. टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी ठेवलं होतं, बॅटरीची वायर काढून ठेवली होती. युनिटला आवळणारं कडं लोखंडी छिन्नीने ठोकायचं नाही, ठिणगी उडते. पितळी गज आणि लाकडी हातोडा घेऊन हळूहळू फिरवलं. त्याआधी सभोवतालची माती ब्रशने झाडली होती, नाहीतर कडं सुटताच ती सगळी टाकीत. युनिट तिरकं करत बाहेर काढलं. दांडी, दांडीच्या टोकाला सुपारीएवढा नव्हे, चांगला लिंबाएवढा पितळी फ्लोट.

तो कानाशी धरून हलवला. चुळुक.

ज्या डब्याने तरंगायचं तोच पेट्रोल प्यायला होता. गरम पाण्यात बुडवला तेव्हा जोडावरच्या डाखातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. डाखातलं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, आणि त्यातून आत शिरून शिरून डबा एक तृतीयांश भरलेला. पूर्ण भरला असता तर बुडालाच असता आणि काटा कायमचा रिकामीवर. अर्धवट भरल्यामुळे तो पेट्रोलमध्ये खोल बसून, पाण्यात नाक तेवढं वर काढलेल्या म्हशीसारखा तरंगत होता. दांडी जिथे असायला हवी त्याच्या कायम खाली. हेच माझे हरवलेले १२ ओहम. आणि टाकीत थोडंसंच पेट्रोल उरलं की हा जड फ्लोट आधीच तळाला टेकायचा. नंतर पेट्रोल संपेपर्यंत काटा जागचा हलत नसे. त्या दिवशी अर्धा तास स्थिर असलेल्या काट्याकडे बघून मी खूश झाले होते, त्याचं कारण हे.

छिद्र डाख देऊन बुजवायचा मोह भावाला झाला. आत पेट्रोल असलेल्या बंद डब्याला तापलेली सोल्डरिंग आयर्न लावणं म्हणजे आजारापेक्षा औषध भयंकर. नवा फ्लोट दांडीवर नुसता दाबून बसवायचा असतो, बसवला. वेटोळं मात्र अजून चांगलं होतं. दांडी वरपासून खालपर्यंत हळूहळू फिरवत, काट्याचा जुना मल्टिमीटर लावून बघितलं. हे काम आकडेवाल्या मीटरपेक्षा काट्याचं मीटर चांगलं करतं. पत्ती कुठे उडत असेल तर काटा दचकतो, आकडे नुसते भिरभिरतात. मधोमध एका ठिकाणी किंचित दचकला, पण तिथे सगळ्याच गाड्यांची पत्ती जास्त घासते, तेवढं चालायचं. पत्तीवर काळपटपणा आहे का तेही बघितलं. काही युनिटांत संपर्काची टोकं चांदीची असतात आणि पेट्रोलमध्ये नको तसं गंधक आलं की ती काळी पडतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात तशा पेट्रोलने पुष्कळ गाड्यांचे काटे एका फटक्यात बिघडवले होते. माझ्याकडे तसं काही नव्हतं. नवं रबरी पॅकिंग, कडं, हौदा, सात जुने बोल्ट आणि एक नवा.

त्या संध्याकाळी गाडीच्या कप्प्यातली बाबांची वही पहिल्यांदा नीट वाचली. तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेरा असे चार रकाने, बावीस वर्षांचे. शेऱ्याचा रकाना बहुधा कोरा. "टायर बदलले." "पाऊस, काच बंद होईना." मी मागे मागे जात राहिले. आणि सापडलं: "चासीला खालून रंग दिला, दोन हात. स्वतः." त्यानंतर दुसऱ्याच नोंदीत: "काटा फार पुढे दाखवतो."

म्हणजे ते ३२ ओहम बाबांनी स्वतःच्या हाताने, ब्रशने, दोन हात देऊन बसवले होते.

पुढे सहा-सात वर्षांनी आणखी एक शेरा होता, आणि तो वाचून मी एकटीच हसले: "काटा आपोआप थोडा सुधारला." तेव्हा फ्लोटला छिद्र पडलं असणार. एक बिघाड काटा वर ढकलत होता, दुसरा खाली ओढू लागला, आणि दोघांच्या झटापटीत काटा पूर्वीपेक्षा खऱ्याच्या जवळ आला. काट्याने काटा काढणे म्हणतात ते हे. बाबांचं "पाऊण म्हणजे अर्धी" हे सूत्र त्यानंतरचं. मी ते माझ्या वहीतल्या आकड्यांवर लावून बघितलं. ६५ म्हणजे ३३ अधिक ३२, पाऊणला निम्मी टाकी. पाव टाकीला २२ हवेत, त्यातून हरवलेले १२ गेले की १०. ४२ म्हणजे १० अधिक ३२, अर्ध्याला पाव. बरोबर बसत होतं. दोन स्वतंत्र चुकांची बेरीज त्यांनी कुठल्याही मीटरशिवाय, नुसत्या सवयीने पाठ केली होती. आणि मी पहिल्या रविवारी त्यातली एकच चूक काढून ती बेरीज मोडली होती.

रंगाची नोंद मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. "पण चासीला गंज नाही चढला," ते म्हणाले. ते मात्र खरं होतं. टाकीच्या मागच्या पट्टीला हात लावून बघितला होता मी, नव्यासारखी.

गेल्या आठवड्यात त्यांना पिकअप काही तासांसाठी हवी होती. मी शेजारी बसले. गेल्या महिन्याभरात बाकी काही बदललं नव्हतं. डावं दार त्यांनी सवयीने उचलून लावलं. रस्त्याला लागलो, काटा अर्ध्यावर होता. दहा मिनिटांनी पंप दिसला आणि त्यांनी इंडिकेटर दिला.

"बाबा, निम्मी आहे अजून."

"अर्धी म्हणजे पाव."

"आता नाही. आता अर्धी म्हणजे अर्धी."

ते काही बोलले नाहीत, गाडी आत घेतली. टाकी फुल्ल करायला सांगून मशीनच्या आकड्यांकडे बघत उभे राहिले. तीस, चौतीस, सदतीस. अडतीसाला नोझल खट् करून बंद झालं. ते अजून बघत होते, जणू आकडा पुढे जाईल. त्यांच्या हिशेबाने ५६ जायला हवे होते.

गाडीत बसल्यावर त्यांनी कप्प्यातून वही काढली, पेन्सिल काढली, तारीख घातली, किलोमीटर लिहिले, ३८ लिहिले. मग थोडा वेळ थांबून शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: "काटा बिघडला. लक्ष ठेवणे."